रोप

तैमी. तिच्या भाषेत या नावाचा अर्थ रोप.
आणि तिचं काम हेच,
की काही उगवू नये.

औलूत डिसेंबरचा दिवस जेमतेम साडेतीन तासांचा.
ती काळोखात येते, काळोखात परतते,
मधला वेळ कोपरापर्यंत हात
काचेच्या पेटीत घालून बसते.
आत आर्गॉन. हवेला मज्जाव.
जाड रबरी हातमोज्यांतून ती लिथियम कापते,
घट्ट लोणी कापावं तसं.
कापलेली कड चांदीची. बाहेर काढली
तर बोलता बोलता काळवंडेल.

बटणाएवढा सेल. मध्ये पडदा,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
चार्ज करताना अणू परत येतात
पण शहाण्यासारखे पंगतीत बसत नाहीत.
एक बसला की दुसऱ्याला त्याच्याच डोक्यावर बसायचं असतं,
तिसऱ्याला दुसऱ्याच्या.
आधी कोंब. मग सुई.
मग पडद्याला भोक, आणि
जे इतके दिवस जपून साठवलं
ते एका क्षणात बाहेर.

तिच्या मेहुण्याच्या शेडमध्ये
सायकलची बॅटरी पहाटे पेटली होती.
मेहुणा वाचला. कुत्री नाही वाचली.
हे तिनं सांगितलेलं नाही. उर्होनं सांगितलं.

उर्हो शिकाऊ, हाताचा जड.
एक्केचाळीस नंबरच्या सेलचा स्क्रू त्यानं
गरजेपेक्षा दीड आटा जास्त पिळला.
बाकीचे नव्वदीत गेले, एकशेवीसला गेले.
एक्केचाळीस चालत राहिला.
फेब्रुवारीत सहाशे बारा.

"इतका का आवळलास?"
त्याचे कान लाल. "वाटलं, सैल राहू नये."

ती रागावली नाही. पाना आणला,
पीळ मोजला, आकडा वहीत लिहिला,
तसेच दहा सेल पुन्हा बांधले.
तीन गेले. का गेले, अजून कळलेलं नाही.
सात चालताहेत.

एक्केचाळीस तिनं उघडला तेव्हा मी मागे उभा होतो.
धातू सपाट, राखाडी,
वाऱ्यानं बर्फ झाडून नेलेल्या तळ्यासारखा.
एका कडेला मात्र थोडं शेवाळ.
तिथेच ती सगळ्यात जास्त वेळ बघत बसली.

संध्याकाळी बसथांब्याच्या काचेवर
दहिवराची पानं, पानाला पान फुटलेलं.
तैमी हातमोजा काढून
एका टोकावर अंगठा दाबते,
धरून ठेवते.

बस येते. ती मनात काहीतरी मोजतेय.
ड्रायव्हर थांबतो.