पिवळं बदक

महाराज बाड्यावरून आणलं मी ते,
एकशे ऐंशीला, घासाघीस करून.
पिवळं, प्लास्टिकचं, चोचीपाशी जरा खरचटलेलं.
शाल्मलीनं आधी ते डोक्यावर घातलं,
मग त्यात सोललेले मटार टाकले, रात्रीच्या भाजीचे,
मग बाहुलीला त्यावर बसवून
तिच्यावर ओरडली,
"कर ना! कधीची बसलीयेस!"
आवाज माझा होता.
मी खाली मान घालून मटार धुवायला घेतले.

माझं काम पाण्याच्या टाकीवर.
लष्करातल्या निम्म्या गल्ल्यांना दिवसाआड
चाक फिरवून पाणी सोडतो, अकरा वर्षं झाली.
लोक फोन करतात, अजून आलं नाही.
मी सांगतो, पाइपात हवा असते,
आधी ती निघू द्या.
दुसऱ्याच्या नळाबद्दल
मी फार शांत माणूस आहे.

"शू आली?"
"नाही."
"नक्की?"
"नाही."
आणि त्या नाहीतला ही संपायच्या आत
सतरंजीवरून एक कोमट ओघळ
चंबळेसारखी वळणं घेत
माझ्या चपलेपर्यंत.

जानेवारी. चार दिवस ऊन नाही,
समोरच्या घराचा सज्जासुद्धा धुक्यात गेलेला.
दोरीवर अकरा चड्ड्या, अकराही ओल्या.
बारावी मी इस्त्रीनं वाळवायला गेलो
आणि घरभर जो वास सुटला
त्याला मृदुला बँकेतून आल्यावर काही बोलली नाही.
नुसती खिडकी उघडली. त्या थंडीत.

भदौरिया आंटी जिन्यात भेटल्या.
"हमारे तीनों तो साल भर में सीख गए थे."
मी हसलो.
तिघं मोठेपणी काय काय शिकले
ते गल्लीला ठाऊक आहे.
शाळेच्या फॉर्मवरही एक रकाना,
बालक स्वयं बताता है? हाँ. नहीं.
मी बराच वेळ तिसरा पर्याय शोधत होतो.

गुरुवारी ओरडलो.
फार नाही, एकदाच, पण पूर्ण ओरडलो.
त्यानंतर दोन दिवस तिनं काहीच केलं नाही.
पडद्यामागे जाऊन उभी राहायची,
मुठी आवळून, तोंड लाल, पोट दगडासारखं,
अडीच वर्षांच्या अंगात जेवढी ताकद आहे
तेवढी सगळी धरून ठेवण्यात.
पपई झाली, मनुकांचं पाणी झालं,
"राजा, रागावलो नाही" हे सोळा वेळा झालं.
रामकलीबाई फरशी पुसता पुसता म्हणाली,
"भैया, आप हट जाओ यहाँ से.
आप मुँह देखते रहते हो उसका."

हटलो.
स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिलो.
तेवढ्यात दिवे गेले.
अंधारात बदक सरकल्याचा आवाज,
मग, "बाबा, येऊ नको."
"नाही येत."
"येऊ नको हं."
"इथेच आहे मी."
दूध उतू गेलेलं गॅसवर, मी नुसता बंद केला.
किती वेळ गेला सांगता येणार नाही,
हातातलं घड्याळ दिसत नव्हतं.

"आता ये."

मोबाइलच्या उजेडात आम्ही दोघांनी पाहिलं.
तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.
मी ओतायला उचललं तर म्हणाली, "थांब."
तिचं होतं ते. थांबलो.
तसंही पाण्याचा दिवस नव्हता,
बादलीत जेमतेम दोन तांबे.
थंडीत संडासाच्या दारात उभे राहून
तिनं त्याला सावकाश हात हलवला,
स्टेशनवर मामाला हलवते तसा.
मीही हलवला.

रविवारी पुन्हा सतरंजी.
गुडघ्यांवर बसून पुसत होतो तर फोन वाजला,
नया बाज़ारातून कुणी तरी चिडलेलं.
खांद्यानं फोन धरून म्हटलं,
"बैठे रहिए, आएगा."
ती मागून बदक ओढत आली
आणि त्यावर बसली.
कपड्यांसकट.