निळी लेडीज, कॅरिअर मोडका

माझ्या वहीत तिचं नाव एवढंच होतं.
कौसाबाई गवारे हे पहिल्या हप्त्याला कळलं,
मी शाईचा पॅड पुढे केला तेव्हा.
"सही येते मला," म्हणाली,
आणि रकान्याबाहेर, पार काठावर केली.

तुर्भे स्टोअर ते सानपाडा,
तीन घरांची भांडी, एका आजोबांची आंघोळ.
रिक्षाला जायचे वीस, यायचे वीस,
म्हणून ती चालायची, पुलाखालून,
सांडलेल्या डिझेलवर पाय जपत.

सायकल तिथल्याच सोसायटीतली.
मुलगी परदेशी शिकायला गेली ती गेली.
सेक्रेटरी म्हणाले, भंगारात जायचीय, ने.
मी दोन्ही टायर बदलले, चेन रॉकेलात भिजवली.
साडेनऊशे. महिना दीडशे.
घंटी तेवढी तिने बदलू दिली नाही.

शिकली ट्रक टर्मिनलमध्ये, रात्री अकरानंतर,
साडी खोचून, लेकीने मागून सीट धरलेली.
क्लीनर पोरं हसली.
दुसऱ्या रात्री त्यांतलाच एक
ट्रकचे दिवे लावून बसला,
तिला पुढचा खड्डा दिसावा म्हणून.

गुडघा फुटला, दोनदा.
"या वयात?" शेजारीण म्हणाली.
"मग कुठल्या? तू सांग, त्या वयात शिकते."

आता वॉचमन सायकल आत घेऊ देत नाही,
फरशीवर डाग पडतात म्हणे.
ती 'नो पार्किंग'च्या खांबाला साखळी लावते.
रस्त्याकडेला पांढरी पट्टी आहे,
तिच्यावर टेम्पो उभे असतात.
हे सगळं आहेच. मी जाहिरात करत नाहीये.

पण परवा हवा भरता भरता म्हणाली,
"सकाळची वीस मिनिटं उरतात, भाऊ, संध्याकाळची वीस.
पहिले चार दिवस कळेचना, यांचं करू काय.
एकदा तर नुसती बसले, कट्ट्यावर. चोरी केल्यासारखं वाटलं."

मग दोन घरांच्या मधल्या वेळात
ती वाशीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आली,
केसपेपरची खिडकी बंद व्हायच्या आत,
तीन वर्षांत पहिल्यांदा.
डोळे तपासले. नंबर निघाला.

काल हप्ता द्यायला आली ती चष्मा लावून.
वही माझ्या हातातून ओढली,
बोट ठेवून एकेक ओळ वाचली, ओठ हलवत.
"मागच्या महिन्यात दीडशे दिले होते.
तू सवाशे लिहिलेस."

खरं होतं.
मी खोडून लिहिलं.
तिने सही केली, रकान्यात.