तहसीलदाराचं पान

नाव मीच ठेवलं होतं.
ताटलीपुढे बसून तो आधी नुसता बघायचा,
डोळे अर्धे मिटून,
मग एकदा हुंगायचा आणि उठून जायचा.
अर्ज नामंजूर.

तेव्हा हसायचो आम्ही.
भट्टीवरची बेबीताई म्हणायची,
"नखरे तं पाय बे याचे,
जसा काही सातबाराच मागून राहिलो आपण."

आता सेमिनरी हिल्सच्या दवाखान्यात
डॉक्टर गजभिये पडद्यावर बोट ठेवतात,
राखाडी ढगात राखाडी रेघ.
आतड्याची भिंत जाड झालीय, म्हणतात,
सूज आहे, किंवा सुजेहून वाईट.
कापून बघितल्याशिवाय कळणार नाही,
आणि एवढ्याशा वजनात कापता येणार नाही.
"त्यानं जन्मात न खाल्लेलं काहीतरी द्या.
तेल नको, मीठ नको,
मसाला तर नकोच."

मसाला तर नकोच.
सक्करदऱ्यात माझी सावजी खानावळ, सव्वीस वर्षं.
माझ्या रश्श्यानं भल्याभल्यांची नाकं वाहिलीत,
माणसं रडत रडत दुसरी वाटी मागतात.
आणि आता हे,
मोमीनपुऱ्यातून आणलेली बटेर, नुसत्या पाण्यात.
शिजताना वास येतो
ओल्या फडक्याला येतो तेवढाच.

पहिल्या दिवशी खाल्लं. मी नारळ फोडायच्या बेतात होते.
दुसऱ्या दिवशी नामंजूर.

दोष बटेराचा नव्हता.
बेबीताईच्या पोरानं शोधून काढलं, सातवीतल्या प्रज्योतनं,
"मावशी, तुमच्या हाताले वास येते."
दगडफूल, मिरं, खसखस, जवस,
रेषांत बसलेलं, नखांत बसलेलं.
ज्या हाताच्या चवीसाठी लोक बुटीबोरीहून येतात
त्या हाताला हुंगून तो कान मागे घेतो.

बेसनानं धुतला. राखेनं घासला.
लिंबू चोळलं तर दोन दिवस तोंड दाखवलं नाही.
आता दिवसा प्रज्योतच भरवतो,
मी दाराशी उभी,
आपल्याच स्वयंपाकघरात पाहुणी.

रात्र माझी.
मे महिना, कूलरच्या ताट्या वाळून पुन्हा वाळतात.
पाव गोळी बटेराच्या चुऱ्यात लपवते,
तो चुरा खातो,
गोळी फरशीवर जशीच्या तशी, चाटून स्वच्छ.
मग टॉवेल, मग सिरिंज,
दाढेमागच्या फटीतून थोडं थोडं,
अर्धं माझ्या पदरावर.

गिऱ्हाइकाला मी कधी आग्रह केला नाही.
नको म्हणाला की ताट उचललं.
भूक ज्याची त्याची.
याला मात्र धरून भरवते,
आणि तो माझ्याकडे न बघता गिळतो.
याला काय म्हणावं ते मला ठरवता येत नाही.

उधारीच्या वहीत मागून एक पान त्याचं.
सोमवार. चार चमचे. पहाटे उलटी, पिवळी.
मंगळवार. काही नाही. कूलरखालचं पाणी.
बुधवार. दोन चमचे. शी बरी.
शी बरी!
कुणाला सांगू अशी बातमी?

शनिवारी मसाल्याच्या तराजूत बसवला.
पलीकडे दोन किलोचं, अर्ध्याचं, पन्नास ग्रॅमचं.
मागच्या शनिवारपेक्षा पन्नास कमी.
एवढी खसखस मी एका घाण्याला घालते
आणि ती कुणाला कळतही नाही.

काल पहाटे तीनला लाइट गेली.
कूलर थांबला, अंगाची नुसती धार.
अंधारात काहीतरी खरखरीत
मनगटाला लागलं.
तळहात नाही, बोटं नाही,
त्याच्या वर, जिथे मसाला पोचत नाही तिथला
घाम चाटत होता तो.

मीठ नको म्हणाल्या होत्या.
मी हलले नाही.
दुसऱ्या हातानं वाटी चाचपली,
चमच्यानं एक फोड मनगटावर ठेवली.
मग आणखी एक.

गुरुवार. तीन घास.
एवढंच लिहिलंय.
लाइट आली तरी हात तसाच धरून बसले,
तो पायरीवर जाऊन बसला,
पोट आत ओढतोय का,
बघत.