नावेच्या नावातली फट

बोट्सफ्योर. नोव्हेंबर संपत आलेला.
मावळलेला सूर्य आता थेट जानेवारीत तोंड दाखवणार.
बंदरावरच्या मासळीकाट्याच्या खोलीत राग्नफ्रिद एकटी,
पायांत लोकरीचे मोजे, एकावर एक दोन,
आणि काळ्या पडद्यावर सातव्यांदा तीच ओळ:
अशी फाइल किंवा डिरेक्टरी अस्तित्वात नाही.

आहे की रे, ती पडद्याला म्हणते.
एलएस मारते. आहे. नाव बरोबर, तारीख बरोबर,
चालवायची परवानगीसुद्धा, तीन एक्स ओळीनं उभे.
डोळ्यांदेखत असलेल्याला नाही म्हणणं
माणसांना जमतं, हे तिला ठाऊक होतं.

स्क्रिप्ट तूरगेइरची. तो निवृत्त होऊन दक्षिणेला गेला,
ही मात्र एकोणीस वर्षं रोज पहाटे तीनला उठत राहिली,
नावेनावेचं वजन निवडून चिठ्ठ्या छापत राहिली:
कॉड इतका, हॅडक इतका, बर्फ वजा.
चौथ्या ओळीत, हॅशच्या आडोशाला, त्याची टीप:
हे का चालतं मला कळलेलं नाही.
चालतंय तोवर हात लावू नये.

लावला. हिशेबातल्या सिंद्रेनं,
घरच्या विंडोजवर, बर्फाचा दर बदलायला. एक आकडा फक्त.

कॅट, वजा, मोठा ए.
आता दिसतं: प्रत्येक ओळीच्या टोकाला
एक टोपी आणि एक एम.
टाइपरायटरचा गाडा मागे सरकवण्याची आज्ञा ती;
गाडा भंगारात गेला, आज्ञा राहिली,
न दिसता, पहिल्या ओळीतल्या बॅशलाही चिकटून.
यंत्र शोधत होतं तो बॅश नव्हे,
शेपटीवाला बॅश. तसा खरंच कुणी नव्हता.
खोटं बोलत नव्हतं बिचारं.
एका सेडसरशी तीनशे शेपट्या गळल्या.

तेवढ्यानं भागेल तर ती स्क्रिप्ट कसली.
एकवीस चिठ्ठ्या निघाल्या. बाविसावी नाही.

सेट, वजा एक्स.
आता यंत्र प्रत्येक पाऊल आधी बोलून मग टाकतं,
जिना उतरताना पायऱ्या मोजणाऱ्या पोरासारखं:
अधिक, मोर वाचतो. नाही.
अधिक, हेल्गा वाचतो. नाही.

मोर. पिसाऱ्याचा नव्हे,
तिकडे मोर म्हणजे आई.
नाव आधी नुसती हेल्गा होती.
नील्स-आस्लाकची आई सप्टेंबरात गेली,
मग त्यानं पांढऱ्या रंगाचा डबा आणला,
हेल्गाच्या अलीकडे एक शब्द लिहिला
आणि मध्ये, रीतसर, बोटभर जागा सोडली.

नावेला फट पडली तर पाणी शिरतं.
नावाला पडली तर शेल शिरतं,
तिथंच कापतं, आणि दोन तुकडे
दोन वेगळ्या दारांवर नेऊन विचारतं: हे कुणाचं?
तूरगेइरच्या काळी सगळ्या नावा एकशब्दी होत्या.
तोवर कुणाची आई गेली नसेल असं नाही.
पाटीवर लिहायचं कुणाला सुचलं नसेल.

डॉलरच्या अलीकडे एक अवतरणचिन्ह, पलीकडे एक.
बस. एवढंच. अडीच तासांनी.

मोर हेल्गा, कॉड दोनशे बारा किलो.
काही फार नव्हे. डिझेल तरी सुटलं का कोण जाणे.
शेवटचा निकाल विचारला, उत्तर आलं शून्य.
इथं शून्य मिळालं की पास.

तूरगेइरच्या टीपेखाली ती आपली जोडते:
थोडं कळलं आहे. नावं अवतरणात ठेवा.
मग ते पुसते. मग पुन्हा लिहिते.

तीनला अकरा मिनिटं आहेत.
हातानं चाललेलं क्रॉनच्या हातून चालेलच असं नाही,
त्याला अर्ध्या गावाचे रस्ते माहीत नसतात.
थर्मासमध्ये कॉफी आहे, गाळासकट.
खाली धक्क्यावर कुणीतरी पेट्या ओढतंय.
ती घरी जात नाही.