उतार

माझ्या पर्समध्ये एक काचेची गोटी असते,
हिरवट, आत दुधाची एक रेघ.
घर बघायला गेले की आधी ती जमिनीवर सोडते.
एजंट ओकच्या लाकडाचं कौतुक करत असतो,
गोटी कुणाचं ऐकत नाही.

अ‍ॅक्रन, ओहायो. थॉर्न स्ट्रीट.
टायर कारखान्याच्या कामगारांसाठी
शंभर वर्षांपूर्वी बांधलेलं घर,
दोन बिऱ्हाडं, एक कुरकुरता जिना.
वरचं रिकामं, खालचं भरलेलं.
मागणी ब्याण्णव हजार.
कोलंबसपासून दोन तास गाडी हाकत
मी तोंडी हिशेब करत आलेले :
दोन्ही भाडी मिळून पंधराशे,
त्यातून घरपट्टी, विमा,
रिकाम्या महिन्यांचे आठ टक्के,
छप्पर आणखी किती हिवाळे काढेल त्याचा अंदाज,
आणि ‘इतर’.
या रकान्यात मी नेहमी कमी लिहिते
आणि नेहमी तोंडघशी पडते.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
भाड्यानं देऊन पाहावं, असं कुणी म्हटलं नाही.
म्हणी रचणाऱ्यांकडे दुसरं घर नसावं.

तळघरात टॉर्च मारला.
भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला क्षारांची पांढरी रेघ.
भट्टीवरची पट्टी पुसून साल वाचलं, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव.
मनातल्या मनात चार हजार वजा केले.

खाली राहणारी अर्लीन प्रुइट.
सव्वीस वर्षं शहराची बस चालवली,
आता दोन गुडघे आणि एक मांजर सांभाळते.
“करा तुमचं काम,” म्हणाली, टीव्हीचा आवाज घालवला.
गोटी जरा थबकली,
मग खुर्चीखालून, गालिच्याची कड चुकवत
वायव्येच्या कोपऱ्याकडे निघाली.
अर्लीननं न बघताच स्लिपर आडवी घातली.
“माझ्या गोळ्यापण तिकडेच जातात.”

मग तिनं वही काढली.
भट्टीची जाळी कोणत्या तारखेला बदलली,
पाणी कोणत्या रात्री कुठवर चढलं,
मालकाला फोन किती, उचलले किती.
भाडं कधी उशिरा दिलं, आणि का :
‘बहिणीचं दफन.’ ‘गुडघा, डावा.’
आठ वर्षांत तीनदा.
पुढे तपासनिसानं साडेचारशे डॉलर घेऊन
चाळीस पानं दिली. त्यात ‘का’ कुठेच नव्हतं.

घर घेतलं मी. सत्याऐंशीला.
पाण्याची रेघ आणि भट्टी दाखवून,
म्हणजे तिच्याच वहीतून
मी घासाघीस केली.
हे तिला सांगितलेलं नाही.

ऑक्टोबरात करार संपला.
खालचं भाडं सातशे, बाजारभाव आठशे चाळीस.
तक्त्यात आठशे चाळीस टाकले
की तळाचा आकडा हिरवा होतो.
सातशे ठेवले की तांबडा.
तिनं बदललेल्या जाळ्या, पायरीवरचा उपसलेला बर्फ,
यांच्यासाठी एक नवा रकाना उघडला.
त्याला नाव सुचेना. मिटवला.

आई म्हणायची, भाड्याचं घर, खाली कर.
मिरजेत आम्ही पाच घरं बदलली.
दर वेळी सामान टेम्पोत चढताना
मालक दारात उभा राहून भिंतीतले खिळे मोजायचा.
त्याच्याही वहीत एक ‘इतर’ असणार,
हे मला आत्ता सुचतंय
आणि सुचलेलं आवडत नाही.

सातशे पंच्याहत्तर लिहिले.
पत्र टपालानं न टाकता घेऊन गेले.
तिनं चष्मा लावला, दोनदा वाचलं,
वहीत माझ्यासमोरच टिपून ठेवलं :
‘भाडं पंचाहत्तरनं वाढलं. भट्टी नवी.
मालकीण स्वतः आली.’
काही म्हणाली नाही. कॉफी विचारली.

तळघरात लोखंडी टेकू लावून घेतले होते,
सव्वादोन हजार, ‘इतर’मधून.
निघताना गोटी पुन्हा सोडून पाहिली.
या वेळी तिनं पाय आडवा घातला नाही,
दोघी नुसत्या बघत राहिलो.

अजून तिकडेच जाते.
आता फक्त जरा विचार करून.