उरेब

बी जिऱ्याएवढं, काळं, जरासं वाकलेलं,
मोडक्या सुईचं टोक असावं तसं.
हिल्डाबाईंनी लग्नपत्रिकेच्या जुन्या पाकिटातून दिलं
आणि म्हणाल्या, मास्तर, गच्ची तुमची, बी माझं,
दोन नोव्हेंबरला कबरीवर फुलं पाहिजेत. लांब दांड्याची.
ऑस्वल्डला बुटकं काही आवडायचं नाही.

चाळीस वर्षं मी ब्लाउज कापले
वाकोल्यात, आठ बाय दहाच्या दुकानात.
फूल कधी कापलं नव्हतं.
आमच्यात फूल खुडतात, देठाला नख लावून.
देवाला दांडी लागत नाही.

मासळीवालीकडून थर्माकोलची चार खोकी आणली,
तळाला तापल्या सळईने भोकं पाडली,
तरी आठवडाभर गच्चीवर बोंबलांचा वास.
सेक्रेटरी ठक्कर नाकाला रुमाल लावून वर आले,
स्लॅबकडे बघत राहिले.
मी खोक्यांखाली विटा सरकवल्या,
आणि चपट्या निळ्या खडूने थर्माकोलवर
तारीख घातली: सहा सप्टेंबर.
बी पाव इंच आत.
पाव इंच मला न बघता कळतं.

सहाव्या दिवशी उगवलं.
पुढे जी पानं आली ती पानं नव्हेतच,
शेपूच्या जुडीतून निसटलेले धागे.
वरून विमान गेलं, चाकं काढलेलं,
इतकं खाली की चारी खोकी सावलीत बुडाली
आणि परत वर आली.

मी लाड केले. शेणखत, पेंडीचं पाणी.
रोपं माझ्या छातीला लागली, कळी एक नाही.
हिल्डाबाई जिन्यावर दम खात म्हणाल्या,
उपाशी ठेवा त्यांना. खाऊन नुसती उंची वाढते,
आमच्या नेल्सनसारखी.
आणि शेंडे छाटा.

लोकांच्या पैठणीवर जी कात्री अडली नाही
ती इथे अडली.
त्या दिवशी तशीच खाली आणली.
दुसऱ्या दिवशी छाटले, डोळे उघडे ठेवून.
आठ दिवसांत प्रत्येक कापाखालून दोन हात निघाले,
बाही लावायला पुढे करतात तसे.

दोन नोव्हेंबर आला. कळ्या मिऱ्याएवढ्या, हिरव्या, घट्ट.
हिल्डाबाई बाजारचा निशिगंध घेऊन गेल्या.
मी खिडकीतून पाहिलं आणि मागे सरलो.
गिऱ्हाईक दारात आणि कपडा तयार नाही,
हे चाळीस वर्षांत दोनदाच झालं होतं.

सोळा तारखेला उमलली.
गुलाबी, एक किरमिजी, पांढऱ्याला कडेने फिकी रेघ.
ऊन चढायच्या आत बादली घेऊन गेलो.
पुरती उघडलेली सोडली,
पाकळ्या सुटायच्या बेतातली घेतली,
दांडी खोलवर, पेराच्या वर, तिरकी कापली.
तिरक्या कापाला आम्ही उरेब म्हणतो.
उरेब कापलेलं कापड अंगाबरोबर वळतं.
खालची पानं ओरबाडून काढली,
गळ्यापर्यंत पाण्यात ठेवली, दुपारपर्यंत अंधारात.

उशीर झाला, मी म्हटलं.
मेलेल्याला कसली घाई मास्तर, त्या म्हणाल्या,
आणि रिक्षाला हात केला.

कबरीवर लोणच्याची बरणी होती.
फुलं घातली की कलंडायची.
दोनदा उचलून ठेवली, दगडाचा टेकू दिला, तिसऱ्यांदा पाणी सांडलं.
त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं.
अर्धी करा, म्हणाल्या. चालवून घेईल तो.

त्यानंतर जानेवारी संपेपर्यंत कापतोय.
कापलं की जास्त येतात, हे पटायला वेळ लागला.
कापड कधी असं वागलं नाही.
ठक्करांच्या टेबलावर काचेच्या ग्लासात तीन आहेत.
त्यांनी विचारलं, देवाला चालतात का?
मी म्हटलं, वास नाही, विचारून बघा.

एका खोक्याला कात्री लावली नाही.
तिथे फुलं गेली, काळ्या काटक्यांचे झुबके राहिले.
बोटांना टोचत बी मोकळं केलं,
पाकीट उलटं केलं तेव्हा कोपऱ्यात दिसलं,
एच आणि ओ, एकमेकांत अडकवलेले,
सोनेरी रंग बराचसा उडालेला.
डिंक वाळून गेला होता, पाकीट मिटेना.
सुई शोधली, एक टाका घातला.
वाकडा आला.
शिवायला दुकानात दुसरे होते.