धोटा डावीकडून आला

मी रेल्वेचा गोलकीपर होतो, माझी ओळख एवढीच पुरे.
इल्लय्या चिलकानं मला सतरा गोल मारले.
सोळा विसरलो.

मिलमध्ये विव्हिंगला बदली कामगार,
लोक त्याला धोटा म्हणायचे.
धोटा जाताना पाहिलाय कधी?
जाताना दिसत नाही.
गेल्यावर कापड दिसतं.

पार्क मैदानावर तेव्हा गवत नव्हतं, मुरूम होता,
पडलात की पुढच्या रविवारपर्यंत कोपरात राहायचा.
त्या मुरमावर हा अनवाणी,
उजव्या पायाला चिंधी, डावा उघडा.
"डाव्याला बघावं लागतंय की बे," म्हणायचा.

फायनल.
दुसऱ्या पाळीचा भोंगा वाजत होता आणि बॉल त्याच्याकडे.
आमचे तीन बॅक एकमेकांवर पडले.
त्याचा खांदा, डोळे, कंबर, सगळं एका बाजूला निघालं
म्हणून मीही निघालो, पूर्ण अंगानं.
पाय तेवढा मागं राहिला होता.
बॉल माझ्या दुसऱ्या अंगानं इतका सावकाश गेला
की मातीत पडल्या पडल्या
मी त्याची शिवण बघत होतो.
एक टाका उसवलेला होता.

कलकत्त्याच्या क्लबचं पत्र आलं.
स्टेशनवर बँड. गळ्यात हार. अंगावर मोराची नवी चादर.
बाविसाव्या दिवशी परत, चादरीशिवाय.
"खोलीत साच्यांचा आवाज नाही, झोपच येईना."
आम्ही हसलो, त्याला खांद्यावर घेतला.
बावीस रात्री न झोपता तू काय करत होतास,
हे कुणी विचारलं नाही.
पुढं शिंदीच्या दुकानात त्याची जागा ठरून गेली,
भिंतीकडची, डावी.

आता सांगतो ते मैदानावरचं नाही.
गणपतीनंतरचा रविवार. तो प्यालेलाच उतरला
आणि तीन गोल केले.
त्याच सकाळी सत्तव्वाचं मनगट मोडलं होतं.
त्यानंच मोडलं.
रोज हजार विड्या वळणारा हात.
पूर्वभागातून बातमी पार्कवर
मॅचच्या आधी पोचली होती, सगळ्यांना माहीत होतं.
तरी तिसऱ्या गोलला
मी, समोरच्या टीमचा, टाळी वाजवली.
हातमोजे होते, आवाज झाला नाही.
माझा बचाव एवढाच.

आधी गुडघा गेला, मग मिल गेली.
कप त्यानं मोडीत घातले, किलोच्या भावानं.
एक राहिला, त्यात सत्तव्वा विड्यांचा दोरा ठेवायची.
अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यावर
तो रखवालदार होता, तिथं मी त्याला शेवटचा पाहिला.
पोरांचा प्लास्टिकचा चेंडू गेटशी घरंगळत आला.
त्यानं डावा पाय उचलला,
लहान मुलाच्या डोक्यावर हात ठेवावा
तसा चेंडूवर ठेवला.
पोरं थांबली. मीही सायकल धरून थांबलो.
चेंडू परत द्यायचं तो विसरून गेला होता.

सिव्हिलमध्ये वारला, कावीळ.
पेपरात दोन ओळी, त्यात आडनाव चुकलेलं.
तेराव्यानंतर मी तिच्याकडे गेलो.
सूप मांडीवर, पानं ओली,
मनगट अजून थोडं बाहेर वळलेलं.
म्हणाली, "मी मॅच कधी बघितली नाही.
रविवारी जास्तीचा माल द्यावा लागायचा.
तो तुमचा गोल कसा होता?"

मी उठलो. या वयात, त्या दहा बाय दहात,
खांदा तिकडे टाकला, कंबर तिकडे,
पाय मागं ठेवला, तोल गेला, कपाटाला धरलं.
ती हसली नाही. नीट बघत होती.
"आणि तुम्हाला अडवता नाही आला?"
"नाही."
तिनं पान कातरलं, तंबाखू भरला, दोरा गुंडाळला.
"मलाही."

मग पुढची विडी.
मी बसून राहिलो, कट्टा पुरा होईपर्यंत.
पंचवीस.